पाच रात्री युरोपात: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

‘दोघांनीच चार-पाच दिवस युरोपात’ या विषयावर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत. हनिमूनवाल्यांइतकीच पत्रं लग्नाला दहा-पंधरा वर्षं झालेल्यांची आहेत, आणि त्यांचे प्रश्न जास्त नेमके आहेत.

लग्नाला बारा वर्षं झाली. मुलांना आजीकडे ठेवून पाच रात्री जायचंय. पॅरिस, स्वित्झर्लंड, व्हेनिस आणि प्राग एवढं बसेल का? (इंदिरानगर, नाशिक)

बसवता येईल, पण मग युरोपातली रेल्वे स्टेशनं तेवढी बघून याल. आधी तासांचा हिशोब मांडा. समजा, विमान रात्री दीडचं आहे. विमानतळावर तीन तास आधी, म्हणजे साडेदहाला पोचायचं, तर नाशिकहून चारला निघायला हवं. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून कसारा घाट टळतो खरा, पण आमण्यापुढे भिवंडी-ठाण्याची कोंडी आहे तिथेच आहे. चारऐवजी सहाला निघणारे लोक विमान चुकवतात ते याच पट्ट्यात. आणखी एक जुना घोळ म्हणजे शुक्रवारी रात्री दीडचं विमान तिकिटावर शनिवार ०१:३० असं छापलेलं असतं. तारीख वाचून शनिवारी रात्री निघालात, तर विमान आदल्याच रात्री गेलेलं असेल.

सकाळी सात-आठला उतरलात की पासपोर्ट तपासणी, बॅगा आणि शहरात जाणं यात दहा-अकरा वाजतात. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपीय देश) सीमेवर पहिल्या प्रवेशाला बोटांचे ठसे आणि फोटो यंत्रावर घेऊ लागले आहेत, त्यामुळे रांग पूर्वीपेक्षा हळू सरकते. हॉटेलची खोली मिळते दुपारी तीनला. बॅगा रिसेप्शनपाशी ठेवून बाहेर पडा, पण त्या दिवसाचं कुठलंही वेळ ठरवलेलं तिकीट काढू नका. भारताच्या घड्याळाने तुमची रात्र उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास आधीच झालेली असते. संध्याकाळी सातला डोळे मिटायला लागतात.

आता शहर बदलण्याचा दिवस घ्या. अकराला चेक-आउट, मग स्टेशन, व्हिएन्ना ते प्राग गाडीत चार तास, पुन्हा बॅगा ओढत दुसरं हॉटेल. दिवसातली फक्त संध्याकाळ उरते. असे तीन बदल केलेत की पाचांतले तीन दिवस गाडीत गेले.

आमचं सरळ मत: पहिल्यांदा जात असाल तर पाचही रात्री पॅरिस. गर्दी नको असेल तर व्हिएन्ना तीन आणि प्राग दोन. विमानाचं तिकीट ‘मल्टी-सिटी’मध्ये काढा, जाताना व्हिएन्ना आणि येताना प्रागहून. परतीसाठी पुन्हा व्हिएन्नाला यायचे चार तास वाचतात आणि बऱ्याचदा भाड्यात फारसा फरक नसतो. स्वित्झर्लंड हे शहर नव्हे, तिथे डोंगरावर ढग बसले की दिवस वाया जातो. ते वेगळ्या सहलीला ठेवा.

लंडनमार्गे स्वस्त तिकीट दिसलं तर थांबा. भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा असला तरी तिथे नुसतं विमान बदलायलाही ब्रिटनचा ट्रान्झिट व्हिसा लागतो. विमान फ्रँकफर्ट किंवा म्युनिकला बदलणार असाल तर मध्ये किमान अडीच तास ठेवा, कारण इमिग्रेशन तिथेच होतं.

महिने कोणते? एप्रिलअखेर ते मध्य-जून आणि सप्टेंबर ते मध्य-ऑक्टोबर. ऑगस्टमध्ये पॅरिसमधली बरीच घरगुती रेस्टॉरंटं मालकांच्या सुट्टीमुळे बंद असतात. डिसेंबरात चार-साडेचारला अंधार पडतो, थंडी कडक असते. तरी नाताळच्या बाजारांसाठी व्हिएन्नाला तेव्हा जाणाऱ्यांना आम्ही अडवणार नाही.

आमची पाच एकर द्राक्षबाग आहे. उत्पन्न सगळं शेतीचं, पगाराची स्लिप नाही. एजंट म्हणतो व्हिसा मिळणार नाही. खरं आहे का? (निफाड तालुका)

खोटं आहे. शेतकऱ्यांचे अर्ज अडकतात ते शेतीमुळे नाही, कागद अर्धवट लावल्यामुळे. दूतावासाला दोनच गोष्टी हव्या असतात: खर्च तुम्हाला झेपतो का आणि तुम्ही परत येणार का. दुसऱ्या प्रश्नाला बागेइतकं पक्कं उत्तर नोकरदाराकडेही नसतं.

सातबारा आणि आठ-अ उतारा ताजा काढा आणि दोन्हींचं इंग्रजी भाषांतर जोडा. माल निर्यातीला जात असेल तर ग्रेपनेटवरची (निर्यातीच्या द्राक्षबागांची सरकारी ऑनलाइन नोंद) प्लॉटची नोंदणी जोडा, तीत प्लॉट तुमच्या नावावर दिसतो. व्यापाऱ्याच्या हिशोबपट्ट्या किंवा निर्यातदाराची बिलं लावा. बँकेच्या स्टेटमेंटमधल्या कुठल्या जमा रकमेला कुठलं बिल, हे पेन्सिलने क्रमांक घालून जुळवा. शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी आयकर विवरणपत्रात ते दाखवायची जागा असते. मागची तीन वर्षं विवरणपत्र भरलंच नसेल तर यंदापासून भरायला लागा आणि अर्जासोबतच्या पत्रात कारण दोन ओळींत लिहा. पीककर्जाच्या खात्याचं स्टेटमेंट लावू नका. उणे शिल्लक बघून समोरच्याचा गैरसमज होतो. बचत खात्याचं लावा.

सगळ्यात जास्त नकार ज्यामुळे येतात ती चूक अशी. व्यापाऱ्याने रोख दिलेले पैसे घरात असतात. कुणीतरी सांगतं ‘खात्यात शिल्लक दिसली पाहिजे’, आणि अर्जाच्या आधल्या आठवड्यात चार लाख एकदम भरले जातात. अधिकाऱ्याला ते उसने आणलेले वाटतात. फेब्रुवारी ते एप्रिल माल जातो, पैसे तेव्हाच बँकेतून घ्या. मे-जूनमध्ये अर्ज केलात तर मागच्या तीन महिन्यांच्या स्टेटमेंटमध्ये ते आपोआप दिसतात.

जायचं कधी, हेही बागेच्या कामांवरून ठरतं. तुमच्याकडे गोडी छाटणी (फळं धरण्यासाठीची छाटणी) ऑक्टोबरात असेल तर सप्टेंबरचा पहिला पंधरवडा उत्तम.

बाकीचे नियम सगळ्यांसाठी सारखेच. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण ४५ पर्यंत लागू शकतात, म्हणून आम्ही दोन महिने आधी म्हणतो. शुल्क माणशी ९० युरो, शिवाय अर्ज केंद्राचं सेवाशुल्क. विमा किमान ३०,००० युरोंचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीनंतर तीन महिने वैध, दोन पानं कोरी. अर्ज ज्या देशात जास्त रात्री राहणार त्याच्याकडे. रात्री समान असतील तर ज्या देशात आधी पाऊल ठेवणार त्याच्याकडे. व्हिएन्ना तीन आणि प्राग दोन असेल तर ऑस्ट्रियाकडे.

विमानाचं नुसतं आरक्षण जोडा, पैसे भरलेलं तिकीट नको. हॉटेल ‘फ्री कॅन्सलेशन’चं. पत्र, हॉटेल, विमा आणि विमान या चारही कागदांवरच्या तारखा एकमेकींना जुळतात का, ते घरातल्या दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्या. विमा निघायच्या दिवसापासून परतायच्या दिवसापर्यंत हवा. व्हिसा हातात आला की त्यावरचे दिवस मोजा. पाच रात्री म्हणजे सहा दिवस, कारण उतरल्याचा आणि निघण्याचा दिवस दोन्ही धरतात.

ठसे द्यायला मुंबईला स्वतः जावं लागतं. सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने जाणार असाल तर अपॉइंटमेंट बारानंतरची घ्या. एकदा दिलेले ठसे ५९ महिने चालतात.

लग्न डिसेंबरात, लगेच हनिमून. पासपोर्टवर माझं माहेरचं नाव आहे. बदलून घेऊ का? (कॉलेज रोड)

आत्ता नको. माहेरच्या नावाच्या पासपोर्टवर प्रवास पूर्णपणे चालतो. तिकीट, विमा, हॉटेल आणि व्हिसा सगळीकडे पासपोर्टवरचंच नाव अक्षर न् अक्षर तसंच हवं, एवढंच बघा. बदलाला घातलात आणि तो वेळेत आला नाही तर सगळंच अडेल. नाव परत आल्यावर सावकाश बदला.

एक गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. बोटांचे ठसे मेंदीच्या आधी देऊन या. बोटांच्या टोकांवर गडद मेंदी असली की यंत्र ठसा नीट उचलत नाही आणि पुन्हा मुंबईची फेरी होते.

हॉटेल बुक करताना ‘डबल रूम’ घेतली. ओळखीचे म्हणतात तरी दोन वेगळे पलंग मिळतात. असं का? (पंचवटी)

ओळखीचे बरोबर सांगतात. जर्मनी आणि ऑस्ट्रियात डबल बेड म्हणजे बहुधा एका चौकटीत दोन गाद्या शेजारी-शेजारी आणि पांघरुणंही दोन. मध्ये फट. तिथल्या लोकांना त्यात काही वावगं वाटत नाही. सलग गादी हवी असेल तर बुकिंगनंतर हॉटेलला थेट ईमेल करा. ऑस्ट्रियात ‘फ्रांझोझिशेस बेट’, फ्रान्समध्ये ‘ग्रां ली’ आणि इटलीत ‘मात्रिमोनियाले’ हे शब्द चालतात. पॅरिसमध्ये सलग पलंग मिळतो, पण तो पुष्कळदा १४० सेंटिमीटर रुंदीचा, म्हणजे जेमतेम साडेचार फूट. आपल्या क्वीन साइजपेक्षा अरुंदच.

पॅरिसमधली साधी खोली १२ ते १४ चौरस मीटर असते. दोन मोठ्या बॅगा उघडून ठेवल्या की चालायला जागा राहत नाही, म्हणून दोघांत एक मोठी आणि एक केबिन बॅग पुरे. बुक करण्याआधी चार गोष्टी बघा: लिफ्ट, एसी (जून ते ऑगस्ट), किटली आणि मेट्रोचं अंतर. जुन्या इमारतींत लिफ्ट नसते, किंवा असली तर एक माणूस आणि एक बॅग एवढीच मावते. किटली फ्रान्स-इटलीत गृहीत धरू नका. ज्यांना सकाळी उठल्यावर चहा लागतो त्यांचा पहिला रुसवा यावरूनच होतो. शहर कर माणशी, दर रात्री, काउंटरवर वेगळा द्यावा लागतो, तो बुकिंगच्या रकमेत बऱ्याचदा धरलेला नसतो. बाथरूममध्ये जेट नसतो, तेव्हा प्रवासी जेट बाटली न्या.

पॅरिसला जूनमध्ये जातोय. आयफेल टॉवरवर सूर्यास्त आणि मग दिवे बघायचेत. किती वाजताचं तिकीट काढू? (गंगापूर रोड)

नाशिकला जूनमध्ये सव्वासातला सूर्य मावळतो, त्या हिशोबाने लोक सातचं तिकीट काढतात आणि लख्ख उन्हात वर उभे राहतात. पॅरिसमध्ये जूनअखेरीस सूर्यास्त रात्री दहाच्या सुमारास होतो. सप्टेंबरच्या मध्याला आठला, डिसेंबरात पाचच्या आधीच. टॉवरचा झगमगाट अंधार पडल्यावर दर तासाच्या ठोक्याला पाच मिनिटं होतो. जूनमध्ये पहिला झगमगाट बघायला अकरा वाजतात.

आणि टॉवरवर उभं राहिलात तर टॉवर दिसत नाही, हा साधा मुद्दा बुकिंगच्या घाईत निसटतो. आम्ही तर सुचवू की वर दुपारी उशिरा जा, अंधार पडायच्या आत खाली या. लिफ्टची तिकिटं अधिकृत संकेतस्थळावर ६० दिवस आधी उघडतात आणि शिखराची लगेच संपतात. जिन्याने दुसऱ्या मजल्यापर्यंत ६७४ पायऱ्या आहेत. सप्तशृंगगडाच्या पायऱ्या चढायची सवय असलेल्यांना जड जाऊ नयेत. झगमगाट बघायला समोरच्या त्रोकादेरोच्या ओट्यावर सगळं जग जमतं, त्यात खिसेकापूही आले. बीर-हाकेम पुलावर तेवढी गर्दी नसते आणि नदीतलं प्रतिबिंबही मिळतं.

सीन नदीतली तासाभराची फेरी सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने सुटणारी पकडा. जाताना आकाश निळं असतं, परतताना काळं. जूनमध्येसुद्धा वरच्या डेकवर वारा बोचतो, जाकीट हवंच.

वार बघून दिवस आखा. लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद, ओर्से संग्रहालय आणि व्हर्सायचा राजवाडा सोमवारी बंद. लूव्र बुधवारी आणि शुक्रवारी रात्री नऊपर्यंत उघडं असतं, संध्याकाळी सहानंतर सहली पांगतात. जानेवारी २०२६ पासून युरोपबाहेरच्या पर्यटकांना तिथलं तिकीट ३२ युरो झालं आहे. चित्रांची मनापासून आवड नसेल तर फक्त मोनालिसाच्या गर्दीचा फोटो काढायला दोघांचे ६४ युरो घालू नका. डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडलेल्या नोत्र-दाम चर्चला तिकीट नाही.

आम्ही दोघंही शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. काय खायचं आणि काय न्यायचं? (सिडको, नाशिक)

उपाशी राहणार नाही, पण मेन्यूवर ‘व्हेज’ वाटणारे पदार्थच फसवतात. पॅरिसचं कांद्याचं सूप बहुतेक ठिकाणी गोमांसाच्या अर्कात शिजवतात. व्हिएन्नातलं बटाट्याचं सॅलड दिसायला निरुपद्रवी, पण त्यातही पारंपरिक पद्धतीने तोच अर्क घालतात. इटलीतलं पार्मेझान चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजलेलं असतं. केक, पॅनकेक, व्हिएन्नाचा काइझरश्मारन यांत अंडी असतात. क्रोसाँवरची चकाकी म्हणजे पुष्कळदा अंड्याचा हात.

निर्धास्त खाण्यासारखं? इटलीत टोमॅटोचा पिझ्झा आणि टोमॅटोचा सुका पास्ता, दोन्ही चीज न घालता. ताजा पास्ता मात्र अंड्याचा असतो. फलाफल सगळीकडे मिळतं. बाजारातून पाव, भाज्या, फळं आणि दही घेऊन नदीकाठी बसणं हा पॅरिसमध्ये कमीपणा नाही, तिथले लोकही तेच करतात. तिथे गव्हाऐवजी कुट्टूच्या पिठाचं ‘गालेत’ नावाचं धिरडं मिळतं. ‘अंडं नको, हॅम नको, मशरूम आणि चीज चालेल’ असं सांगा आणि पिठात अंडं आहे का तेवढं विचारा. फक्त ‘व्हेजिटेरियन’ म्हणून थांबू नका, काही जण मासे त्यात धरतात. फ्रान्समध्ये ‘साँ व्हियांद, साँ प्वासाँ, साँ ज’ म्हणजे मांस, मासे, अंडं विरहित. मोबाइलवर लिहून दाखवलेलं बरं.

जेवणाच्या वेळाही सांभाळा. पॅरिसमध्ये स्वयंपाकघर साधारण बारा ते दोन आणि सात ते दहा चालतं. चार वाजता भूक लागली तर बेकरी गाठा. पाणी मागताना ‘कराफ दो’ म्हणा, नळाचं पाणी फुकट मिळतं. नाहीतर बाटली येते आणि बिलातही येते. व्हिएन्नात रविवारी दुकानं बंद असतात, लागेल ते शनिवारी घेऊन ठेवा.

बॅगेत काय न्यायचं यावर नियम कडक आहेत. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे पेढे, बर्फी, तूप, पनीर, श्रीखंड घरीच ठेवा. साजूक तुपातल्या बेसनलाडवावरून वाद घालण्यातही अर्थ नाही. चिवडा, भडंग, तेलातले ठेपले, उपम्याचं आणि पोह्यांचं कोरडं मिश्रण चालतं. ताज्या फळांना रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं, तेव्हा डब्यातून द्राक्षं नेऊ नका. तीच नाशिकची द्राक्षं फेब्रुवारी-मार्चमध्ये नेदरलँड्समधल्या दुकानांत मिळतात, पण ती प्रमाणपत्रासकट गेलेली असतात.

व्हिएन्नात खुद्द शहरात द्राक्षमळे आहेत म्हणे. एक संध्याकाळ त्यांच्यासाठी ठेवावी का? (दिंडोरी)

ठेवा, आणि दिंडोरीच्या माणसाला तर आम्ही आग्रहच करू. शहराच्या हद्दीतच सुमारे ६०० हेक्टर मळे आहेत. त्यांच्या कडेला ‘हॉयरिगर’ नावाची वाइनघरं असतात, जिथे बागायतदार स्वतःची वाइन स्वतःच्या अंगणात विकतो. ही मोकळीक सम्राट दुसऱ्या योजेफने १७८४ मध्ये दिली. दारावर पाइनच्या डहाळ्यांचा जुडगा टांगलेला दिसला की समजायचं, आज उघडं आहे. सगळी घरं रोज उघडी नसतात, आळीपाळीने काही आठवडे चालतात. निघण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावर तारीख बघा.

श्टाडटपार्क किंवा राजवाड्याच्या भागातल्या ‘वाइन डिनर’पेक्षा हे कितीतरी बरं. शोटेनटोरहून ३८ नंबरची ट्राम ग्रिंत्सिंगला जाते, डी ट्राम नुसडॉर्फला. ग्रिंत्सिंगला पर्यटकांच्या बसा थांबतात, म्हणून आमची पसंती नुसडॉर्फ. दुपारी चारला पोचा, मळ्यांतून वर तासभर चाला, उजेड असतानाच अंगणातलं टेबल धरा.

मागायची ती ‘गेमिश्टर झात्स’. एकाच मळ्यात किमान तीन पांढऱ्या जातींची वेलं मिसळून लावायची, एकत्र तोडायची, एकत्रच गाळायची. कुठलीही एक जात अर्ध्याहून जास्त चालत नाही. ज्याने आयुष्यभर प्लॉटमध्ये एकच जात ठेवली, त्याला तो मळा बघायला मजा येते. पाव लिटरच्या मापाला ‘फिअर्टल’ म्हणतात, दोघांत एक घेऊन सुरुवात करा. सप्टेंबर-ऑक्टोबरात ‘श्टुर्म’ मिळते, अजून आंबत असलेली गढूळ, गोड वाइन. बाटलीचं झाकण मुद्दाम सैल असतं, आतला वायू बाहेर जायला. बॅगेत घालून आणायचा विचारही करू नका.

सोबत पाव आणि लिप्टाउअर घ्या, लाल मिरचीपूड घातलेलं मऊ चीज असतं. बटाट्याच्या सॅलडबद्दल वर सांगितलंच आहे.

व्हेनिसला गोंडोला परवडतो का? आणि मेस्त्रेला स्वस्त हॉटेल घ्यावं का? (नाशिकरोड)

गोंडोलाचा दर नगरपालिकेने ठरवलेला आहे: दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो, संध्याकाळी सातनंतर ३५ मिनिटांना ११०. दर माणशी नसून पूर्ण नावेचा आहे, पाच जणांपर्यंत. दोघांनीच जायचं तर पूर्ण द्या, किंवा धक्क्यावर दुसरं जोडपं शोधा. मग रोमान्सचा हिशोब तुम्हीच बघा. गाणं वेगळं. बसण्याआधी वेळ आणि मार्ग बोलून घ्या. मोठ्या कालव्यापेक्षा आतल्या अरुंद कालव्यांत जाणारा गोंडोला बरा, तिथे मोटारबोटींच्या लाटा नसतात. फक्त बसायची हौस असेल तर ‘त्रागेत्तो’ ही पलीकडे सोडणारी नाव दोन युरोत मोठा कालवा ओलांडून देते. फेरी दोन मिनिटांची असते.

मेस्त्रेला, म्हणजे पाण्यापलीकडच्या मुख्य भूमीवरच्या भागात, राहू नका. व्हेनिस सुंदर होतं ते संध्याकाळी सहानंतर, दिवसभराची गर्दी परतल्यावर, आणि सकाळी आठच्या आधी. नेमक्या त्याच वेळी तुम्ही बसमध्ये असाल. बेटावर दोन रात्री घ्या, पण हॉटेल वापोरेत्तोच्या (सार्वजनिक बोटीच्या) थांब्याजवळ. इथे चारशेहून जास्त पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या. चाकांची बॅग हातातच घ्यावी लागते. ठरावीक दिवशी दिवसभरासाठी येणाऱ्यांना प्रवेशशुल्क असतं. मुक्काम करणाऱ्यांना ते माफ आहे, मात्र सवलतीची ऑनलाइन नोंद करावी लागते.

पुलावर दोघांच्या नावाचं कुलूप लावायचंय. कुठल्या पुलावर? (म्हसरूळ)

कुठल्याच नाही. पॅरिसच्या पों देझारवरच्या कठड्याचा एक भाग २०१४ मध्ये कुलपांच्या वजनाने पडला, २०१५ मध्ये सगळी कुलपं काढली. आता लावलेलं कुलूप पालिका कापून भंगारात टाकते. त्याऐवजी मोंमार्त्रला आबेस मेट्रोजवळच्या छोट्या बागेत जा. तिथे ६१२ निळ्या फरशांच्या भिंतीवर ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ शेकडो भाषांत लिहिलेलं आहे. सकाळी लवकर गेलात तर भिंत दोघांपुरती मिळते.

पैसे कसे न्यावेत? यूपीआय चालतं असं ऐकलं. (सातपूर)

आयफेल टॉवरच्या तिकिटांना २०२४ पासून चालतं, पण त्याच्या भरवशावर निघू नका. दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डं न्या, एकाच पाकिटात ठेवू नका. बँकेच्या ॲपमध्ये ‘इंटरनॅशनल’ व्यवहार मुंबईतच सुरू करा आणि सिम चालू ठेवा, ओटीपी त्यावरच येतो. साध्या कार्डांवर परकीय चलनाचं शुल्क साडेतीन टक्क्यांपर्यंत, त्यावर जीएसटी. त्यामुळे फॉरेक्स कार्ड किंवा शून्य शुल्काचं कार्ड घ्या.

यंत्र विचारतं, ‘रुपयांत घेऊ की युरोत?’ आकडा रुपयांत दिसला की हायसं वाटतं आणि बोट तिकडेच जातं. तिथेच नुकसान होतं, कारण तो दर दुकानाच्या बाजूची यंत्रणा ठरवते, तुमची बँक नाही. नेहमी युरो निवडा. एटीएम बँकेच्या भिंतीतलं वापरा, चौकात एकटं उभं असलेलं नको. रोख दोघांत दोनशे युरो पुरतात, पाच ते वीसच्या नोटांत. प्रागला कोरुना लागतात आणि बुडापेस्टला फोरिंट.

टूर कंपनीचं पॅकेज घेतलंत तर टीसीएस (कंपनीने तुमच्या नावावर आधीच घेतलेला आयकर) कापला जाईल. तो खर्च नव्हे, विवरणपत्रात वळता करून घ्या.

मंगळसूत्र घालून फिरावं का? (जेल रोड)

सोन्याचं घरी ठेवा, साधं घाला. दागिने न्यायचेच असतील तर जाताना मुंबई विमानतळावर कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्या, म्हणजे परतताना ‘तिथे घेतले’ असं कुणी म्हणणार नाही. मेट्रोत दाराजवळ मोबाइल हातात धरून उभं राहू नका. दार बंद होण्याच्या क्षणी हिसका मारून पळायची पद्धत आहे. मोंमार्त्रच्या पायऱ्यांपाशी काही जण हसत हसत बोटाला रंगीत दोरा गुंडाळतात आणि मग वीस युरो मागतात. आपल्याकडे कुणी धागा बांधायला आलं की हात आपोआप पुढे होतो, त्यामुळे आपले लोक सहज सापडतात. तेवढ्या पायऱ्यांपुरते दोन्ही हात खिशात ठेवा.

पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत आणि त्याचा फोटो दोघांच्याही मोबाइलमध्ये. हरवलाच तर आधी पोलिसांकडे तक्रार, मग ती घेऊन भारतीय दूतावास. तिथे मिळणाऱ्या इमर्जन्सी सर्टिफिकेटवर फक्त भारतात परत येता येतं, म्हणून उरलेली सहल तिथेच संपते. पोलिस, रुग्णवाहिका सगळ्यांसाठी एकच नंबर, ११२.